हसण्याचा अधिकार : प्राचीन समाजांतील विनोद आणि त्यातला दास

दलित साहित्यात वेदना आहे, विद्रोह आहे, नकार आहे. पण विनोद कुठे आहे, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. वर्गात विद्यार्थी विचारतात, परिसंवादांत जाणकार विचारतात. या प्रश्नामागे एक गृहीत असते. विनोद हा पोट भरलेल्या, निवांत मनाचा आविष्कार आहे. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अवहेलनाच आली त्याला हसायला सवड कुठून मिळणार? हे गृहीत मला तपासून पाहावेसे वाटते. त्यासाठी मी थोडा दूरचा रस्ता घेणार आहे. इजिप्त, मेसोपोटेमिया, रोम आणि आपला प्राचीन भारत या समाजांत माणसे कशाला हसत होती, हे आज बऱ्यापैकी कळू शकते. मातीच्या विटा, पपायरसच्या गुंडाळ्या, पोथ्या आणि खापराचे तुकडे यांवर त्यांचे हसू शिल्लक राहिले आहे. ते वाचताना मी तीनच प्रश्न मनाशी ठेवतो. कोण हसतो? कोणाला हसतो? आणि हसून झाल्यावर जग तसेच राहते, की जागचे हलते?

सुरुवात इजिप्तपासून करू. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ आहे. खेती नावाचा बाप आपल्या पेपी नावाच्या मुलाला राजधानीतल्या लेखनिकांच्या शाळेत घालायला नावेतून घेऊन चालला आहे. वाटेत तो मुलाला उपदेश करतो. उपदेश कसला, तर एकेका कष्टकऱ्याची टवाळी. तांबट भट्टीपुढे बसतो, त्याची बोटे सुसरीच्या पंजासारखी झाली आहेत आणि त्याला माशाच्या गाभोळीपेक्षा जास्त घाण येते. कुंभार जिवंतपणीच मातीत गाडला गेला आहे. न्हावी गिऱ्हाईक शोधत गल्लोगल्ली हिंडतो. विणकर गुडघे छातीशी घेऊन बसलेला, उजेड पाहायचा तर त्याला दारवानाला काहीतरी द्यावे लागते. धोबी नदीकाठी सुसरीच्या शेजाराने कपडे धुतो. चर्मकाराच्या तोंडी कातडेच. शेवटी बाप सांगतो की प्रत्येक धंद्यावर कोणीतरी मुकादम असतोच. एक लेखनिक तेवढा असा की तो स्वतःच मुकादम असतो.

हा ग्रंथ इजिप्तच्या शाळांत शेकडो वर्षे मुलांकडून गिरवून घेतला जात होता. मुलांच्या हातच्या त्याच्या नकला आजही मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. यातली गंमत त्या मुलांना निश्चितच कळत असणार. आपण हसतो आहोत म्हणजे आपण त्या घाणीतले नाही, ही जाणीव मुलांच्या मनात अक्षरांबरोबर उतरत होती. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तांबटाला भाजणारी भट्टी खरी आहे, धोब्याच्या शेजारची सुसरही खरी आहे. लेखनिक खोटे बोलत नाही. तो कष्टाचे अचूक वर्णन करतो आणि त्या कष्टाचा दोष व्यवस्थेवरून उचलून कष्टकऱ्याच्या अंगावर टाकतो. विनोदाने हे काम सहज होते, कारण हसणारा माणूस ‘हे असे का?’ असे विचारत नाही. चर्मकार, धोबी, न्हावी, कुंभार ही यादी वाचताना आपल्या गावगाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक आहे तो सांगितलाच पाहिजे. खेती आपल्या मुलाला लेखनिक होण्याचा मार्ग मोकळा आहे असे मानतो. आपल्याकडे तो मार्गच जन्माने बंद केला होता.

पण त्याच इजिप्तमध्ये दुसरे हसूही आहे. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर नाईलच्या पश्चिम तीरावर एका वस्तीत राहत. तिला आज देर अल-मदिना म्हणतात. त्या वस्तीत खापराचे आणि चुनखडीचे हजारो तुकडे सापडले, आणि त्यांतल्या काहींवर चित्रे आहेत. उंदीर बाई ऐटीत आसनावर बसली आहे आणि मांजर तिच्यापुढे उभे राहून पंखा हलवीत तिला जेवण वाढते आहे. ट्यूरिनच्या संग्रहालयात एक पपायरस आहे. त्यात उंदरांचा राजा रथात बसून मांजरांच्या किल्ल्यावर चालून जातो आणि त्याचा रथ कुत्री ओढतात. देवळांच्या भिंतींवर फॅरोच्या विजयाची जी चित्रे असत, त्यांचीच ही नक्कल आहे. ज्या कारागिरांचे हात दिवसभर राजाचा पराक्रम रंगवीत होते, त्यांनीच तो पराक्रम उंदराला बहाल केला.

ही चित्रे म्हणजे क्रांती होती असे मी म्हणणार नाही. पण याच वस्तीतल्या कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे सुमारे इ. स. पू. ११५७ मध्ये, धान्याचे वाटप थकल्यामुळे काम टाकले आणि ते देवळापाशी जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने येथे आलो, आमच्याकडे कपडा नाही, मासळी नाही, भाजी नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले. जगात ज्याची लेखी नोंद सापडते असा हा पहिला संप मानतात. उंदराला सिंहासनावर बसवणारी कल्पना आणि काम थांबवून बसण्याची हिंमत एकाच वस्तीत नांदत होती, एवढे तरी खात्रीने म्हणता येते.

आता मेसोपोटेमियाकडे येऊ. सुमेरी शाळांत म्हणींचे संग्रह गिरवले जात. त्यांतली एक छोटी गोष्ट अशी : नऊ लांडग्यांनी दहा मेंढ्या मारल्या. वाटणी जमेना, कारण एक मेंढी उरत होती. कोल्हा आला आणि म्हणाला, मी वाटून देतो. तुम्ही नऊ आहात, तुम्ही एक घ्या. मी एक आहे, मी नऊ घेतो. हिशेब कसा बरोबर जुळतो पाहा! दोन्हीकडे दहाच होतात. सरकारी योजनांची वाटणी पाहिलेल्या कार्यकर्त्याला या गोष्टीचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. गणित चोख असते आणि न्याय नसतो, हे चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ओळखले होते.

याहून मोठी कथा आहे ती निप्पूरच्या गरीब माणसाची. ही अक्कादी भाषेतली कथा तुर्कस्तानात सुलतानतेपे येथे १९५० नंतरच्या उत्खननात सापडली. विटेवर नकलेचे साल आहे, ते इ. स. पू. ७०१ येते. गिमिल-निनुर्ता नावाचा एक दरिद्री माणूस आहे. भुकेने कावून तो अंगावरचे वस्त्र विकतो आणि एक शेळी घेतो. घरी कापली तर सोबत दारू नाही, शेजारी आणि सोयरे रागावतील, म्हणून तो ती नगराध्यक्षाकडे भेट म्हणून नेतो. नगराध्यक्षाला वाटते, याचे काहीतरी काम अडले असणार. तो त्याच्या पुढ्यात हाडूक आणि हलक्या प्रतीची बियर ठेवायला लावतो आणि त्याला दाराबाहेर काढतो. जाताना गिमिल-निनुर्ता दारवानाला सांगतो, तुझ्या धन्याला सांग, याची मी तिप्पट परतफेड करीन. हा निरोप ऐकून नगराध्यक्ष दिवसभर हसत राहतो.

या हसण्यापाशी मी थांबतो. गरिबाने मानाची भाषा बोलावी, हाच त्याच्या लेखी विनोद. पण कथा पुढे जाते आणि हसण्याची बाजू बदलते. गिमिल-निनुर्ता राजाकडे जातो, एका दिवसापुरता रथ आणि उंची वस्त्रे भाड्याने मागतो. राजाचा दूत म्हणून तो नगराध्यक्षाच्या घरी उतरतो. देवळासाठी सोने आणले आहे असे सांगून ठेवलेल्या पेटीत त्याने पाखरे कोंडलेली असतात. रात्री तो पेटी उघडून देतो, सोने चोरले म्हणून आळ घेतो, नगराध्यक्षाला बडवतो आणि वर सोने वसूल करतो. दुसऱ्यांदा तो वैद्य होऊन येतो आणि जखमा बऱ्या करण्याच्या मिषाने अंधारात पुन्हा बडवतो. तिसऱ्यांदा घरातली सगळी माणसे हुलकावणीने बाहेर काढतो आणि पुलाखाली दबा धरून हिशेब पुरा करतो.

काय बदलले होते? माणूस तोच होता. अंगावरचे कापड बदलले आणि नगराध्यक्षाची मान लवली. अधिकाऱ्याचा आदर माणसाला नसतो, रथाला आणि वस्त्राला असतो, हे कथेने न सांगता सांगितले. तरी या हसण्याची मर्यादाही स्पष्ट आहे. सूड पुरा होतो आणि नगराध्यक्षपद तसेच राहते. शिवाय रथ राजाकडूनच आणावा लागतो. छोट्या मालकाविरुद्ध मोठ्या मालकाचा आधार घेणे ही असहाय माणसाची जुनी रीत आहे. ती आपल्याही परिचयाची आहे आणि तिचे काय होते तेही आपण जाणतो.

रोममध्ये गुलाम हा विनोदाचा कणाच होता. प्लॉटस हा नाटककार इ. स. पू. १८४ च्या सुमारास वारला. त्याच्या सुखात्मिकांत धन्यापेक्षा हुशार असलेला गुलाम वारंवार येतो. तो म्हाताऱ्या धन्याला फसवतो, सावकाराला गुंडाळतो, सगळी सूत्रे हलवतो. पण कोणासाठी? धन्याच्या मुलाला त्याची प्रेयसी मिळावी यासाठी. स्वतःच्या मुक्तीसाठी तो क्वचितच डोके लढवतो. त्याच्या तोंडी स्वतःच्या पाठीवरच्या चाबकाचे आणि सुळाचे विनोद असतात. प्रेक्षक त्यावर हसत होते. त्याच समाजात इ. स. पू. ७३ ते ७१ या काळात स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलाम खरोखर उठले, तेव्हा पकडलेल्या सहा हजारांना आपियन मार्गाच्या दुतर्फा क्रुसावर टांगण्यात आले. रंगभूमीवरच्या क्रुसाला हसणारा समाज रस्त्यावरचा क्रूस उभारताना कचरला नाही.

रोमनांचा सॅटर्नेलिया हा सण १७ डिसेंबरला सुरू होई. त्या दिवसांत गुलामांना मोकळीक असे, ते धन्याबरोबर जेवत, कुठे धनीच त्यांना वाढीत असे, आणि धन्याची थट्टा केली तरी चालत असे. पुष्कळ अभ्यासक या सणाचे कौतुक करतात. मला त्यात वाफ सोडण्याची चावी दिसते. ज्याला वर्षातून काही दिवस बोलण्याची परवानगी द्यावी लागते, त्याला उरलेले वर्ष मुके ठेवलेले आहे याचीच ती कबुली असते. परवानगीने मिळालेले हसू परवानगी देणाऱ्याच्या खिशात परत जाते.

ग्रीक भाषेत ‘फिलोगेलोस’ नावाचा विनोदसंग्रह आहे. तो चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात, त्यात सुमारे २६५ चुटके आहेत. पुष्कळसे पढतमूर्खांवर आहेत आणि ते आजही हसवतात. त्यातला एक चुटका असा : एकाने गुलाम विकला. घेणारा तक्रार घेऊन आला, तू विकलेला गुलाम मेला. विकणारा म्हणाला, देवाशपथ, माझ्याकडे होता तोवर त्याने असे कधी केले नव्हते! चुटका बांधेसूद आहे. माणूस मेला हे त्यात कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो आधीपासूनच वस्तू धरलेला आहे. तक्रार मालाची आहे, उत्तरही मालाचे आहे. गुलामगिरी समजावून सांगायला मला याहून थोडक्यातले उदाहरण सापडलेले नाही.

गुलामाची स्वतःची वाणी मात्र बोधकथेत शिल्लक राहिली. इसाप हा सामोस बेटावरचा गुलाम होता असे हिरोडोटसने नोंदवले आहे. फिड्रस हा रोमन कथाकार स्वतः गुलामीतून सुटलेला होता. बोधकथेचा जन्म कसा झाला हे त्याने सांगितले आहे, त्याचा आशय असा की, गुलामाला जे उघड बोलण्याची भीती वाटे ते त्याने लांडग्या-कोल्ह्यांच्या तोंडी घातले. हे विधान महत्त्वाचे आहे. विनोदाला सवड लागते, हे गृहीत येथे कोसळते. विनोद येथे निवांतपणातून जन्मलेला नाही, तो बंद केलेल्या तोंडातून जन्मलेला आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. भरताचे नाट्यशास्त्र हास्याला आठ रसांत स्थान देते, आणि लगेच त्याची उतरंड लावते. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. उत्तमाने स्मित करताना दात दिसू देऊ नयेत, गाल किंचित फुलावेत एवढेच. अधमाचे हसणे अवेळी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बरगड्या धरून. हा रस बहुतांशी स्त्रिया आणि नीच पात्रे यांच्या ठिकाणी दिसतो, असेही ग्रंथ सांगतो. प्रकृती म्हणजे वर्ण नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणो. पण ज्या रंगभूमीवर राजाने संस्कृत बोलावे आणि स्त्रियांनी व सेवकांनी प्राकृत बोलावे असा दंडक होता, तेथे हसण्याचीही जात ठरावी यात नवल नाही. दात दाखवून हसण्याचा गुन्हा आपल्या आया-बहिणींवर वाड्यांसमोर किती वेळा लादला गेला, हे वाचकांना सांगायला नको.

याच ग्रंथाच्या शेवटी शेवटी एक कथा येते. तिच्याकडे आपल्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. नाट्य हा सर्व वर्णांसाठी निर्माण केलेला पाचवा वेद, अशी ग्रंथाची सुरुवात आहे, कारण शूद्रांना चार वेद ऐकण्याचा अधिकार नव्हता. आणि शेवट काय? भरताच्या पुत्रांनी ऋषींची थट्टा करणारा प्रयोग केला. ऋषी संतापले आणि त्यांनी शाप दिला : तुमचे ब्राह्मण्य जाईल, तुम्ही शूद्र व्हाल, तुमचा वंशही शूद्र होईल. देवांनी रदबदली केल्यावर नाट्य तेवढे वाचले, शाप कायम राहिला. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तर उरणारी गोष्ट सरळ आहे. वरच्याला हसण्याची शिक्षा म्हणजे खालचा वर्ण. विदूषक ब्राह्मण असला तर खादाड म्हणून त्याला हसायला हरकत नव्हती, कारण त्या हसण्याने वर्णाच्या मुळाला धक्का लागत नव्हता. ज्या हसण्याने ऋषीचे ऋषिपण उघडे पडते, त्याला क्षमा नव्हती. महाराष्ट्रात तमाशाचे सोंग पिढ्यान्‌पिढ्या महार, मांग, कोल्हाटी यांनी वाहिले आणि त्यांनाच हलके ठरवण्यात आले. शापाची ही कथा त्या व्यवहाराचे शास्त्र आहे.

या शापाला ज्याने जुमानले नाही असे एक हसू मात्र प्राचीन भारतात होते, आणि ते पाली वाङ्मयात आहे. दीघनिकायातले अग्गञ्ञ सुत्त पाहा. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातले दोन तरुण बुद्धाकडे आले आहेत. बुद्ध विचारतात, ब्राह्मण तुमची निंदा करीत नाहीत काय? ते सांगतात, भरपूर करतात. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, आणि तुम्ही मुंडक्यांच्या, पायातून जन्मलेल्यांच्या संगतीला गेलात, असे म्हणतात. यावर बुद्ध रागावत नाहीत. ते एवढेच दाखवून देतात की ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलाला पाजतात. आणि अशा रीतीने योनीतून जन्मलेले हे ब्राह्मण आपण मुखातून जन्मलो असे सांगतात. तेविज्ज सुत्तात ते अशा माणसाचा दाखला देतात, जो म्हणतो की देशातल्या सर्वांत सुंदर स्त्रीवर माझे प्रेम आहे. पण तिचे नाव, कूळ, रंग, गाव यांपैकी त्याला काहीच ठाऊक नाही. ब्रह्म्याला कधी न पाहता त्याच्याकडे जाण्याची वाट दाखवणाऱ्यांची ही तुलना आहे.

थेरीगाथेतली पुण्णिका तर आपली अगदी जवळची. अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची ही मुलगी, पाणी भरणारी. कडाक्याच्या थंडीत पाप धुण्यासाठी नदीत बुड्या मारणारा, कुडकुडणारा ब्राह्मण तिला दिसतो. ती त्याला विचारते, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवे, पाणसाप आणि सुसरी सगळे स्वर्गात जातील ना? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुमच्याकडे राहील काय? ती थंडीत पाण्यात उतरते ती मालकिणीच्या धाकाने. हा उतरतो कशाच्या भीतीने? या प्रश्नांपुढे ब्राह्मणाकडे उत्तर उरत नाही, तो शरण येतो.

या हसण्याचा गुण वेगळा आहे. इजिप्तच्या लेखनिकासारखे ते कष्टकऱ्याला खाली ढकलत नाही. सॅटर्नेलियासारखी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. निप्पूरच्या गरिबासारखा त्याला राजाचा रथ लागत नाही. त्याला लागते फक्त डोळ्यांसमोरची वस्तुस्थिती आणि ती बोलण्याचे धैर्य. बेडूक खरा आहे, बाळंतपण खरे आहे. समोरच्याचे शरीर, व्यंग, दारिद्र्य यांना ते स्पर्श करीत नाही. त्याच्या दाव्याला स्पर्श करते. आणि ते संपते तेव्हा समोरच्यालाही विचार करण्याची जागा उरते. पुण्णिकेच्या प्रश्नाने ब्राह्मण अपमानित होत नाही, मुक्त होतो.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ब्रह्म्याच्या चार अवयवांतून चार वर्ण जन्मले या कथेला असाच प्रश्न विचारला. तसे असेल तर त्या चारही ठिकाणी ब्रह्म्याला विटाळ धरून किती दिवस बाजूला बसावे लागत असेल? पाली ग्रंथ छापून प्रसिद्ध करणारी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली १८८१ मध्ये. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन माणसे एकाच थापेपुढे उभी राहिली आणि दोघांनाही तोच साधा, घरातला प्रश्न सुचला. थाप तीच होती म्हणून हसूही तेच आले. पुढे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी, अण्णा भाऊ साठ्यांच्या वगनाट्यांनी हे हसू गावोगाव नेले. तेव्हा आमच्याकडे विनोद नाही असे म्हणणाऱ्यांनी तो कुठे शोधला, असे विचारावे लागेल. पुस्तकाच्या कपाटात शोधला असेल, तर खापराच्या तुकड्यांवरचे उंदीर-मांजर त्यांना कसे दिसावे?

हे सगळे आज कशासाठी सांगायचे? यासाठी, की कचेरीत, वसतिगृहात, शिक्षकांच्या खोलीत ‘सरकारचे जावई’ म्हणून आजही हशा पिकतो आणि आपला मुलगा किंवा मुलगी त्या हशात कसनुसे हसून सामील होते. आक्षेप घेतला तर उत्तर ठरलेले असते : अहो, गंमत केली, तुम्हाला विनोद कळत नाही. लोकांदेखत हेतुपुरस्सर केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरला आहे, पण हशाच्या आड लपलेला अपमान कायद्याच्या हाती सहसा लागत नाही. त्याला ओळखायचे असेल तर सुरुवातीचेच तीन प्रश्न विचारावेत. कोण हसतो? कोणाला? हसून झाल्यावर काय बदलते? खेतीच्या पंगतीतला विनोद असेल तर हसायचे नाही. गप्प बसलेला श्रोता त्या विनोदाला पुरेसा असतो.

आणि हेच प्रश्न आपण स्वतःलाही लावले पाहिजेत. आपल्या वस्त्यांतही बायकांवर, अपंगांवर, आपल्याहून खालची ठरवलेल्या जातींवर विनोद होतात. ते पुण्णिकेच्या परंपरेतले नाहीत.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एक सूचना आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाटलावर, भटावर, सावकारावर केलेले किस्से आहेत, सोंगाड्याच्या बतावण्या आहेत, जात्यावरचे टोमणे आहेत. ते माणसांबरोबर जात आहेत. इजिप्तच्या कारागिरांचे हसू खापरावर होते म्हणून तीन हजार वर्षे टिकले. लेखनिकाचे हसू शाळेने जपले. आपले हसू जपायला आपल्याखेरीज कोणी येणार नाही. विद्यार्थ्यांनी सुटीत गावी जावे, ऐकावे, सांगणाऱ्याच्या बोलीत जसेच्या तसे लिहून घ्यावे. ज्या समाजाने इतकी वर्षे सोसले त्याने हसून काय काय मोडून पाहिले, याची ती नोंद असेल.